शंभर टक्के म्हणजे किती?

भाच्याला सेकंड हँड इलेक्ट्रिक कार घ्यायची होती. मला म्हणाला, "मामा, पेट्रोलची असती तर ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन गेलो असतो. त्याने इंजिनचा आवाज ऐकला असता, सायलेन्सरचा धूर बघितला असता. हिच्यात आवाजही नाही आणि धूरही नाही. बघायचं काय?" प्रश्न रास्त होता. म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही दोघे नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभे होतो. गाडी एप्रिल २०२१ची, ६२ हजार किलोमीटर चाललेली. हिरव्या नंबरप्लेटवर पांढरी अक्षरं, म्हणजे खासगी वापराची. अक्षरं पिवळी असती तर ती भाड्याने फिरलेली गाडी, हे न विचारताच कळलं असतं. मालक औषधांच्या एजन्सीत नोकरी करणारे, सरळ गृहस्थ. त्यांनी गाडी चालू केली आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं. "हे बघा साहेब, बॅटरी शंभर टक्के आहे. रात्रीच चार्ज केलीय."

ते खोटं बोलत नव्हते. आकडा खरोखर शंभर होता. फक्त त्या आकड्याचा अर्थ 'भरलेली' असा आहे, 'धडधाकट' असा नाही. जुनी इलेक्ट्रिक कार घेताना सर्वांत महागात पडणारी गफलत हीच.

सोलापूरकडच्या माणसाला हा फरक चटकन समजेल. उजनी धरण वर्तमानपत्रात कधी १११ टक्के भरलेलं असतं आणि एखाद्या उन्हाळ्यात उणे पन्नासच्याही खाली जातं. उणे झालं तरी धरणात पाणी असतंच, कारण एकूण ११७ टीएमसीपैकी जवळपास ६३ टीएमसी हा मृतसाठा आहे आणि शून्य कुठे धरायचं हे माणसाने ठरवलेलं आहे. शिवाय दरवर्षी भीमेबरोबर गाळ येतो. गाळाने व्यापलेली जागा पाण्याला मिळत नाही, धरण काठोकाठ भरलं तरीही. गाडीच्या बॅटरीचं असंच आहे. तळाशी आणि माथ्याशी थोडा साठा कंपनी राखून ठेवते, तो चालकाला दिसत नाही. आणि वर्षागणिक बॅटरीची साठवण आटत जाते. स्क्रीनवरचे शंभर टक्के म्हणजे आज जेवढी साठवण उरली आहे तिचे शंभर टक्के. मुळातली किती उरली, हा आकडा निराळा. इंजिनिअर त्याला 'स्टेट ऑफ हेल्थ' म्हणतात, आपण बॅटरीची तब्येत म्हणू.

बऱ्याच गाड्यांत हा आकडा चालकाला दाखवतच नाहीत. सर्व्हिस सेंटरच्या संगणकावर तो असतो, मालकाने मागितला तर काही ठिकाणी रिपोर्ट छापून देतात. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला छोटं ब्लूटूथ यंत्र लावून काही गाड्यांत तो मोबाईलवरही वाचता येतो. माझा सर्वांत जास्त भरवसा मात्र घरच्या विजेच्या मीटरवर आहे. समजा, कागदावर बॅटरी ३० युनिटची आहे. गाडी एकदा पूर्ण चार्ज करायची, चालवून २० टक्क्यांवर आणायची आणि मग रात्रभर लावून पुन्हा शंभर करायची. म्हणजे ८० टक्के भरायचे, २४ युनिट. चार्जर गरम होण्यात आणि इतर कामात दहाएक टक्के वीज वाया जाते, म्हणून मीटरवर २६-२७ युनिट पडायला हवेत. २३ युनिटांतच गाडी शंभर दाखवू लागली, तर तब्येत ८५च्या आसपास आली असं समजावं. हा हिशोब ढोबळ आहे, पण त्यात कोणाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. मीटर नसलेल्या सॉकेटसाठी प्लगला जोडायचं छोटं युनिट-मीटर बाजारात मिळतं, मात्र ते १६ अँपिअरचा भार तासन् तास सोसणारं हवं.

सुरुवातीला एकदा पूर्ण चार्ज करायला सांगितलं त्याचं कारण आहे. आता आपल्याकडच्या बहुतांश परवडणाऱ्या गाड्यांत एलएफपी जातीचे, म्हणजे लोह-फॉस्फेटचे सेल असतात. ते टिकाऊ आहेत, उष्णतेला तुलनेने चांगले तोंड देतात. पण अर्धे भरले काय किंवा पाऊण भरले काय, त्यांचा व्होल्टेज जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे आत किती वीज आहे याचा बॅटरीच्या व्यवस्थापक संगणकाचा, म्हणजे बीएमएसचा, अंदाज हळूहळू चुकत जातो. पूर्ण चार्ज केल्यावरच त्याला नेमका माथा सापडतो. महिनोन् महिने ४० ते ७० टक्क्यांतच फिरवलेली गाडी अचानक पाच-सात टक्के गाळताना दिसली, तर ती लगेच आजारी ठरवू नका. दोन-तीनदा शंभरपर्यंत नेली की बऱ्याचदा आकडा जागेवर येतो.

वर्षाला किती आटणं चांगलं? जिओटॅब ही कंपनी हजारो गाड्यांची माहिती गोळा करते. तिच्या २०२४च्या विश्लेषणात सरासरी घट वर्षाला १.८ टक्के निघाली. २०१९मध्ये हाच आकडा २.३ होता. म्हणजे चार वर्षांच्या गाडीची तब्येत ९०च्या वर असेल तर ती ठीक, ८५ला असेल तर कारण शोधावं. आणि कारणांत पहिला संशय उन्हावर घ्यावा.

हे जगाला पहिल्यांदा शिकवलं निसान लीफने. डिसेंबर २०१० मध्ये बाजारात आलेली ही गाडी पुढे जगभर सेकंड हँड बाजारात गेली, म्हणून जुन्या इलेक्ट्रिक कारचं बहुतेक शहाणपण तिच्याकडूनच आलं आहे. तिच्या २४ युनिटच्या बॅटरीला थंड करणारी यंत्रणाच नव्हती. ना पाणी, ना पंखा. २०१२च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या परिसरात, वर्ष-दीड वर्ष जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या तब्येतीच्या बारा पट्ट्यांतल्या पट्ट्या विझू लागल्या. त्यातली पहिली पट्टी विझते तेव्हा सुमारे १५ टक्के क्षमता गेलेली असते, पुढची प्रत्येक पट्टी सव्वासहा टक्क्यांची. म्हणजे 'एकच पट्टी गेलीय' हे वाक्य ऐकायला किरकोळ आहे, प्रत्यक्षात तसं नाही. मालक कोर्टात गेले. शेवटी कंपनीने पाच वर्षं किंवा ६० हजार मैलांत पट्ट्या नऊच्या खाली गेल्या तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची हमी दिली आणि २०१४ मध्ये नव्या बॅटरीची किंमत जाहीर केली, जुनी परत देऊन ५,४९९ डॉलर. २०१५च्या मॉडेलपासून उष्णतेला जास्त टिकणारी रसायनं आली.

फिनिक्सचं तापमान आणि चंद्रपूर, अकोला, जळगावचं मे महिन्यातलं तापमान यांत फारसा फरक नाही. आपल्याकडच्या टाटा नेक्सॉनसारख्या गाड्यांत बॅटरीभोवती कूलंट फिरतं, त्यामुळे लीफची गत त्यांची होत नाही. पण कूलंट फिरतं ते गाडी चालू असताना किंवा चार्जिंगला लावलेली असताना. विदर्भात दिवसभर उन्हात उभी राहिलेली, रोज शंभर टक्के भरून ठेवलेली आणि महामार्गावर फास्ट चार्जिंगवरच जगलेली गाडी, आणि नाशिकला झाडाखाली उभी राहून रात्री घरच्या सॉकेटवर हळूहळू भरलेली गाडी, या दोघी एकाच वर्षाच्या असल्या तरी एका किमतीच्या नाहीत. म्हणून मी किलोमीटरच्या आधी विचारतो: गाडी उभी कुठे असायची?

आता त्या मोठ्या भीतीकडे येऊ. प्रत्येक जण विचारतो, "बॅटरी गेली तर?" बॅटरी अशी एकाएकी 'जात' नाही. तिच्यात अनेक सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. त्यातला एक अशक्त झाला की बाकीचे सगळे तगडे असूनही त्याच्या चालीने चालतात. तो रिकामा झाला की बीएमएस सगळं दुकान बंद करतो, इतरांत वीज शिल्लक असली तरी.

हे मी एका परिचितांच्या गाडीत डोळ्यांनी पाहिलं. गाडी कोणत्या कंपनीची ते इथे महत्त्वाचं नाही. आम्ही मुंबईहून येत होतो, कसारा घाट चढायला घेतला तेव्हा स्क्रीनवर १९ टक्के होते. अर्ध्या चढावर ११, आणि पुढच्या वळणावर गाडीने 'कासव' दाखवून वेग काढून घेतला. इगतपुरीला टेकतो तो शून्य. घरी आल्यावर ओबीडीवर पाहिलं. भरलेली असताना सगळे सेल ३.३३ व्होल्टच्या आसपास शिस्तीत उभे. वीस टक्क्यांखाली एसी लावून गाडी चढावर घेतली की बाकीचे ३.१५वर आणि एक सेल २.८वर. तीनशे-साडेतीनशे मिलिव्होल्टची दरी. निरोगी पॅकमध्ये गाडी उभी असताना हा फरक दहा-वीस मिलिव्होल्टचा असतो, जोर लावल्यावर थोडा वाढतो. एवढा कधीच नाही. वॉरंटी शिल्लक होती म्हणून पॅक फुकट बदलून मिळाला, पण गाडी पाच आठवडे वर्कशॉपमध्ये होती. वॉरंटी नसती तर खर्च किती, असं त्यांनी सहज विचारलं. उत्तर साडेसहा लाख आलं. बिघाड एका सेलचा, बिल सगळ्या पॅकचं!

जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा खरा प्रश्न मला इथे दिसतो. बॅटरी बिघडते का, यापेक्षा ती उघडून दुरुस्त करणारा माणूस मिळतो का, यावर खर्च ठरतो. आपल्याकडे मध्यम आकाराच्या गाडीचा पूर्ण पॅक वॉरंटीबाहेर बदलायचा तर पाच ते आठ लाखांचे आकडे ऐकू येतात. ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये जगात बॅटरी पॅकची सरासरी किंमत युनिटमागे ११५ डॉलर होती. ३० युनिटच्या पॅकला हे तीन लाखांच्या आतबाहेर जातं. मधला फरक वाहतूक, कर, सुटा भाग म्हणून लागणारा दर आणि दुसरा पर्याय नसणं याचा. मोड्यूल, म्हणजे काही सेलचा एक गठ्ठा, बदलून, सेलचा तोल साधून तोच पॅक पुन्हा उभा करणारे तंत्रज्ञ थोडे आहेत. जिथे आहेत तिथे काम पूर्ण पॅकच्या किमतीच्या लहानशा भागात होतं.

जपानमध्ये हे संघटितपणे झालं आहे. २०११च्या अणुदुर्घटनेत फुकुशिमाजवळचं नामिए हे गाव रिकामं करावं लागलं होतं. तिथेच मार्च २०१८ मध्ये निसान आणि सुमितोमो यांच्या '४ आर एनर्जी'ने जुन्या बॅटऱ्यांचा कारखाना सुरू केला. लीफच्या पहिल्या पॅकमध्ये ४८ मोड्यूल असतात, प्रत्येकात चार सेल. कारखान्यात प्रत्येक मोड्यूल तपासून प्रतवारी लावतात. उत्तम ते पुन्हा गाडीत, मधले फोर्कलिफ्टसारख्या यंत्रांत, उरलेले वीज गेल्यावर लागणाऱ्या बॅकअपसाठी. सुरुवातीला एका पॅकची तपासणी करायला सोळा दिवस लागत, पुढे ते काम चार तासांवर आलं. अशा जुन्या मोड्यूलमधून उभ्या केलेल्या २४ युनिटच्या पॅकची अदलाबदलीची किंमत ३ लाख येन ठेवली, नव्याची साडेसहा लाख. निम्म्याहूनही कमी. रांजणगाव आणि चाकणच्या पट्ट्यात गाड्या बनवणारा महाराष्ट्र हे करू शकत नाही असं मला वाटत नाही.

उलट टोकाचं उदाहरण कॅनडातलं. व्हँकुव्हरजवळच्या एका मालकाच्या २०२२च्या इलेक्ट्रिक एसयूव्हीच्या बॅटरीखालच्या आवरणाला ओरखडा गेला. गाडी चालत होती. वर्कशॉपने नव्या बॅटरीसह ६० हजार कॅनेडियन डॉलरचा अंदाज दिला, गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, आणि विमा कंपनीने गाडी मोडीत काढली. म्हणून जुनी गाडी बघताना लाज न बाळगता खाली वाका, जमल्यास गॅरेजच्या लिफ्टवर चढवून घ्या. आपल्याकडचे गतिरोधक सर्व मापांचे असतात. आवरणावर वरवरच्या रेघा चालतात. पोचा, चीर, नवीन रंग मारलेला तुकडा किंवा एखादाच नवा कोरा बोल्ट दिसला तर व्यवहार तिथे थांबवा आणि लेखी खुलासा मागा.

मोठ्या बॅटरीची एवढी धास्ती असते, पण प्रत्यक्षात माणसाला रस्त्यात उभं करते ती छोटी. प्रत्येक इलेक्ट्रिक कारमध्ये साध्या गाडीसारखी १२ व्होल्टची बॅटरी असतेच. गाडी बंद केली की सुरक्षेसाठी मोठी बॅटरी बाकी गाडीपासून तोडली जाते. सकाळी ती पुन्हा जोडणारा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, ओढून घ्यायचं काम या १२ व्होल्टवर होतं. ती मेली की मोठ्या बॅटरीत तीनशे किलोमीटरची वीज असूनही गाडी जागची हलत नाही, कधीकधी दारही उघडत नाही. मोबाईल अॅपशी सतत बोलणारं सिमकार्ड, डॅशकॅम, अलार्म हे सगळे तिच्यावरच जगतात. गाडी तीन आठवडे उभी राहिली की ती बसते. तीन-चार वर्षांनी बदलावीच लागते. खर्च पाच ते आठ हजार. मात्र नवी टाकूनही ती दोन-तीन महिन्यांत पुन्हा बसली, तर दोष बॅटरीत नाही, तिला चार्ज करणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरमध्ये आहे, आणि तिथे बिलाला शून्य वाढतं. ह्युंदाईने जून २०२४ मध्ये भारतात आयोनिक ५च्या १,७४४ गाड्या याच कामाच्या भागासाठी परत बोलावल्या होत्या.

छोट्या वस्तूने मोठी गाडी अडवल्याचं आणखी एक उदाहरण टेस्लाचं. २०१८ पर्यंतच्या मॉडेल एस आणि एक्समध्ये मधल्या पडद्यामागे आठ जीबीची एक मेमरी चिप होती. तिच्यावर सतत नोंदी लिहून लिहून ती झिजली आणि पडदा काळा पडू लागला. मागचा कॅमेरा गेला, काचेवरचं धुकं काढायची सोय गेली. २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या त्यासाठी परत बोलावल्या गेल्या. जुनी गाडी बघताना पडद्यावरची प्रत्येक कळ दाबून बघा, असं मी सांगतो ते यासाठी.

मग चार्जिंग. गाडीतल्या चार्जरला दोष देण्याआधी घरची भिंत तपासावी, असं माझं ठाम मत आहे. ३.३ किलोवॉटचा चार्जर २३० व्होल्टवर चौदा-साडेचौदा अँपिअर ओढतो आणि ते आठ-नऊ तास सलग. गिझर वीस मिनिटांत बंद होतो. त्याच सॉकेटवर गाडी रात्रभर लावली की आतली ढिली वायर तापते, प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. विक्रेत्याच्या घरचा सॉकेट आणि गाडीच्या केबलचा प्लग हाताने बघा. पितळी पिना काळ्या पडलेल्या असतील तर गाडीच्या पोर्टमध्येही टॉर्च मारून बघा. अर्थिंग नीट नसेल तर गाडी चार्जिंगच घेत नाही, आणि खेड्यापाड्यांत 'चार्जर खराब' म्हणून आलेल्या किती तरी तक्रारी मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंगचा खड्डा केल्यावर मिटतात. तो खर्च काही हजारांचा. खरोखर गाडीच्या आतला चार्जर गेला तर मात्र सर्व्हिस सेंटर अख्खी पेटी बदलतं आणि बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. बऱ्याचदा आत एखादा फ्यूज, कपॅसिटर किंवा रिले गेलेला असतो. केबल मालकाने दिली का, हेही विचारा. अनेक जण ती विसरतात आणि नवीन घ्यायला पंधरा ते तीस हजार लागतात.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. बॅटरीला 'आयपी ६७' असतं, म्हणजे नवीन असताना एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ती टिकल्याची चाचणी झालेली असते. पुराच्या गढूळ पाण्यात रात्रभर बुडण्याची नाही. जुलै २०२१ला चिपळूण-महाड आणि जुलै २०२४ला पुण्यात सिंहगड रोडची एकता नगरी बुडाली, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्याही बुडाल्या. अशा गाड्या स्वच्छ करून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहिलेली असते. सीटखालच्या स्क्रूंवर गंज दिसतो. खारं पाणी तर फारच वाईट. सप्टेंबर २०२२च्या इयान चक्रीवादळानंतर अमेरिकेत फ्लोरिडामध्ये समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्यांनी नंतर पेट घेतला होता. मीठ आत जमतं आणि वीज वाहून नेतं. कोकणात किंवा गोव्यात खाडीच्या पाण्यात बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, यावर माझ्या मनात दुमत नाही.

पाणी आतूनही त्रास देतं. काही गाड्यांच्या बॅटरीभोवती वीज न वाहणारं खास कूलंट लागतं. बाहेरच्या गॅरेजमध्ये कोणी साधं हिरवं कूलंट किंवा नळाचं पाणी घातलं तर इन्सुलेशनचा दोष दाखवून गाडी बंद पडू शकते. कूलंट शेवटचं कधी आणि कुठे भरलं, त्याची पावती बघावी.

टायर आणि ब्रेकचं लवकर सांगून टाकतो. गाडी जड, ओढ तात्काळ, त्यामुळे पुढचे टायर २५-३० हजार किलोमीटरला संपू शकतात. चारांचे तीस-चाळीस हजार धरा. लिंक रॉड आणि बुश लवकर वाजू लागतात, पण ते काम कोणतंही गॅरेज करतं. ब्रेक पॅड उलट खूप टिकतात, कारण वेग कमी करायचं निम्मं काम मोटरच करते. पण न वापरलेल्या डिस्क गंजतात, कॅलिपरच्या पिना अडकतात, किनारपट्टीवर विशेष. मोकळ्या रस्त्यावर एक-दोन कडक ब्रेक मारून गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. मोटरचं काय, असं भाच्यानेही विचारलं होतं. बहुतेकदा काहीच नाही. साठच्या वेगाला बारीक शीळ किंवा घरघर आली तर बेअरिंग किंवा गिअरच्या तेलाकडे बघावं लागतं, एवढंच.

कागदांमध्ये सर्वांत मोलाचा कागद आरसी बुक नाही, बॅटरीची वॉरंटी आहे. आपल्याकडे रूढ झालेली मुदत आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी येईल ते. 'लाइफटाइम वॉरंटी' असं लिहिलेलं असेल तर अटी वाचा. एमजी विंडसरसारख्या गाड्यांत ती सवलत पहिल्या मालकापुरतीच आहे, नाव बदललं की ती आठ वर्षांवर येते. बॅटरी भाड्याच्या योजनेत घेतलेली गाडी असेल तर भाड्याचा करार कोणाच्या नावे राहणार, हे आधी ठरवा. बॅटरी पूर्वी बदलली असेल तर घाबरू नका, ते चांगलंही असू शकतं. अमेरिकेत शेव्हर्लेच्या बोल्ट गाडीत सेल बनवतानाच्या दोषामुळे आगी लागल्या आणि कंपनीने सर्वच्या सर्व, सुमारे १ लाख ४२ हजार, गाड्या परत बोलावल्या. त्यातल्या अनेकींना नवे पॅक मिळाले. अशी सेकंड हँड बोल्ट घेणाऱ्याला जुन्या गाडीच्या भावात नवी बॅटरी मिळते. आणि व्यवहार झाला त्याच दिवशी जुन्या मालकाच्या मोबाईलमधलं अॅप तोडून घ्या. नाहीतर गाडी तुमच्या दारात असताना ती कुठे आहे हे त्यांना दिसत राहतं.

खर्चात एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेने जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांवरचा कर १२ वरून १८ टक्के केला. हा नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर आहे, पूर्ण किमतीवर नाही. एका घरातून थेट दुसऱ्या घरात गाडी गेली तर तो लागत नाही.

नाशिकच्या त्या गृहस्थांना मी विनंती केली, "गाडी एक रात्र तुमच्याच घरी, तुमच्याच सॉकेटवर लावू. मीटर मी आणतो." ते हसून म्हणाले, "लावा की, त्यात काय." दुसऱ्या दिवशी हिशोब केला तर तब्येत ९२च्या आसपास निघाली. जोर लावल्यावर सेलमधला फरक चाळीस मिलिव्होल्ट. पुढचे दोन टायर संपत आलेले, १२ व्होल्टची बॅटरी मूळचीच, म्हणजे कोणत्याही दिवशी जाणारी, आणि उजव्या बाजूचा लिंक रॉड वाजत होता. हे सगळं मिळून तीसएक हजारांचं काम. तेवढे कमी करून व्यवहार ठरला, दोघांनाही पटला.

नेक्सॉन इलेक्ट्रिक जानेवारी २०२० मध्ये आली. तिच्या पहिल्या गाड्यांची बॅटरीची वॉरंटी २०२८ मध्ये संपायला लागेल आणि त्यानंतर दर महिन्याला अशा गाड्या वाढत जातील. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. त्यावर बॅटरी पॅक उघडायची माहिती, सुटी मोड्यूल आणि त्यांचे दर मिळाले पाहिजेत, आणि आयटीआयमधून उच्च व्होल्टेजवर सुरक्षितपणे काम करणारी मुलं बाहेर पडली पाहिजेत. तुम्ही गाडी घ्या किंवा विका, कंपनीकडे मोड्यूल दुरुस्तीचा दर लेखी मागा. दहा जणांनी मागितला की अकराव्याला तो मिळेल.

भाच्याची गाडी आता सातपूरला रोज पस्तीस किलोमीटर फिरते. तिची वॉरंटी एप्रिल २०२९ मध्ये संपते.